संग्राह्य रेल्वे डबा घेताय? आधी त्याची तारीख विचारा

सहा वर्षांपूर्वी मी रेल्वे डब्यांच्या छोट्या मॉडेलांचा पहिला संच घेतला. चार डबे, एचओ स्केल (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे), निळ्या-पांढऱ्यावर लाल पट्टा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डेक्कन क्वीन १९६६’. साडेअकरा हजार रुपये मोजले होते. रात्री बारा वाजेपर्यंत टेबललॅम्पखाली ते डबे फिरवून फिरवून बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या काकांना दाखवायला नेले. माटुंगा वर्कशॉपमध्ये नोकरीची बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि बाजूवरचा बारीक आकडा वाचला : ८७६१४.

“हा डबा सत्त्याऐंशी साली बांधलाय गं. सहासष्टला कसा धावेल?”

मग त्यांनी छपराच्या टोकाचा फुगवटा बोटाने दाखवला. “हे एसीचं युनिट. आणि सहाशेच्या मालिकेतला डबा म्हणजे बिनएसीचा सेकंड क्लास. मग हे वर कशाला?”

एका डब्यात तीन वेगवेगळी सालं होती आणि मला एकही दिसलं नव्हतं. त्यानंतर काकांकडे बसून, फलाटांवर उभं राहून आणि आणखी दोन-तीन चुकीच्या खरेद्या करून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ठाणे, ऐरोली, वाशीकडचे नवे छंदी भेटतात तेव्हा त्यांच्या हातातही बहुतेक वेळा तसलाच डबा असतो, म्हणून.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगते. ‘हा डबा कुठल्या गाडीचा?’ एवढा प्रश्न पुरत नाही. ‘हा डबा असा कुठल्या साली दिसत होता?’ असं विचारायचं. सांगाडा एका साली बांधला जातो, रंग दुसऱ्या साली लागतो, वर्गाचं नाव तिसऱ्या साली बदलतं आणि पाटीवरचं स्टेशनचं नाव चौथ्या साली. मॉडेलवर ही चारही एकाच वेळी खरी ठरायला हवीत.

एक शब्द स्पष्ट करून घेऊ. बोलताना आपण डब्यालाच बोगी म्हणतो. या लेखात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी. विक्रेतेही याच अर्थाने बोलतात, त्यामुळे ‘बोगी बदलली आहे’ असं कोणी सांगितलं तर डबा बदलला असं समजू नका.

जवळ काय काय हवं

- व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा स्वस्तातला चालतो, फक्त मिलिमीटर नीट दिसले पाहिजेत.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तेच.
- स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी.
- ज्या काळाचा डबा हवा, त्या काळाचे किमान दोन फोटो, तेही दोन वेगवेगळ्या माणसांनी काढलेले.
- त्या काळातला एखादा छापील कागद : वेळापत्रक, तिकीट, आरक्षणाची पावती, काहीही. घरातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत आधी बघा. माझ्याकडचा सगळ्यात उपयोगी पुरावा आजोबांच्या पासच्या पाकिटात सापडला.
- खरेदीची पावती, मूळ खोकं, आतला माहितीचा चिठोरा. यातलं काहीही फेकायचं नाही.
- एक जाड वही. तिचं काम शेवटी सांगते.

१. आधी लांबी मोजा

रंग आणि अक्षरं नंतर बघा. सांगाडाच चुकीचा असेल तर वरचं काहीही सुधारून उपयोग नाही.

भारतीय ब्रॉडगेजच्या प्रवासी डब्यांत दोन घराणी ओळखता आली पाहिजेत. पहिलं आयसीएफ. चेन्नईच्या पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली, स्विस कंपनीच्या तंत्रज्ञानावर. या डब्याची बॉडी २१,३३७ मिलिमीटर लांब आणि सुमारे ३,२४५ मिलिमीटर रुंद. दुसरं एलएचबी. मूळ जर्मन आराखडा, बॉडी २३,५४० मिलिमीटर लांब. पुढे कपूरथळ्यात आणि मग इतर कारखान्यांतही हे डबे बनू लागले आणि पेरांबूरने जुन्या आराखड्याचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला.

आता भागाकार करा. एचओ म्हणजे १:८७. आयसीएफ डबा २४५ मिलिमीटर भरायला हवा, एलएचबी २७१. दोघांत इंचभर फरक पडतो, साध्या पट्टीवरही दिसतो. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, हेच आकडे १३३ आणि १४७ होतात.

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. एकच साचा वापरून त्यावर कधी निळा, कधी लाल-राखाडी रंग मारतात आणि दोन वेगळे डबे म्हणून विकतात. लाल-राखाडी एलएचबी २४५ भरला तर तो आयसीएफच्या अंगावर एलएचबीचा सदरा आहे. मोजपट्टी नसेल तर आतले कप्पे मोजा. आयसीएफच्या स्लीपरमध्ये ७२ बर्थ, म्हणजे नऊ कप्पे. एलएचबीत ८०, म्हणजे दहा. थ्री-टियर एसीत आयसीएफला ६४, एलएचबीला ७२. म्हणजे आठ आणि नऊ. एसी डब्याला प्रत्येक कप्प्याला एक रुंद काच असते, त्यामुळे बाहेरूनच मोजता येतं.

दुसरा सापळा ‘एचओ/ओओ’ अशा शिक्क्याचा. दोन्ही स्केल १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावर धावतात, म्हणून विक्रेते तिरकी रेघ मारून मोकळे होतात. पण ओओ म्हणजे १:७६.२. त्यात आयसीएफ डबा २८० मिलिमीटरचा होतो. एका रेकमध्ये, म्हणजे एका गाडीच्या डब्यांच्या रांगेत, दोन्ही जोडले की शेजारच्या डब्यांची छपरं खालीवर दिसतात.

रुळाबद्दल एक गोष्ट मान्य करूनच पुढे जा. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ ला तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारातला रूळ १६.५ चा, म्हणजे युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजचा. भारतीय डबा त्यावर उभा केला की चाकं थोडी आत घुसलेली दिसतात. जवळपास सगळे संग्राहक एवढी तडजोड करतात आणि ती करण्यात कमीपणा नाही. फक्त वहीत तशी नोंद करा.

२. लोकलचा डबा वेगळा मोजा

ठाण्यातल्या माणसाला लोकलचं मॉडेल हवंच असतं. मलाही हवं होतं. मुंबईच्या लोकलचा डबा एक्स्प्रेसच्या डब्यापेक्षा रुंद असतो, ३,६५८ मिलिमीटर, म्हणजे पुरा बारा फूट. लांबीला मात्र थोडा कमी, २०,७२६ मिलिमीटर. एचओमध्ये रुंदी ४२ मिलिमीटर आणि लांबी २३८ यायला हवी.

बाजारातल्या कितीतरी ‘मुंबई लोकल’ ३७ मिलिमीटर रुंद असतात. एक्स्प्रेसच्या डब्याला रुंद दरवाजे कोरून त्या बनवलेल्या असतात. पाच मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण अशी लोकल फलाटाच्या मॉडेलशेजारी उभी करा. ठाण्याला दोन नंबरवर लोकल लागते तेव्हा ती ज्या ऐसपैस अंगाने येते, ते त्यात दिसत नाही. हार्बरवर व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तेव्हापासून आजवर लोकलची इतकी रूपं झाली की त्यांच्यावर वेगळा लेख लागेल. सध्या रुंदी तपासा, तेवढं पुरे.

३. एक गाडी, एक साल

आता कागद घ्या आणि लिहा : कुठली गाडी, कुठलं साल. ‘साठचं दशक’ असं लिहू नका. दहा वर्षांत फार बदलतं.

डेक्कन क्वीनचंच उदाहरण घेते, कारण या गाडीचे संच सगळ्यात जास्त विकले जातात आणि सगळ्यात जास्त चुकतात.

ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर लाल भडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालचा सांगाडा इंग्लंडहून आला होता, वरची बॉडी जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाच्या) माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधली होती. म्हणजे १९३० चं मॉडेल घेताना एकाच रेकमध्ये चंदेरी आणि निळे डबे एकाआड एक लावलेले दिसले तर तो संच सोडून द्या. आणि संचासोबत वाफेचं इंजिन देत असतील तर तेही नको. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण तोवर पुरं झालं होतं आणि ही गाडी पहिल्यापासून विजेवर धावणारी म्हणूनच ओळखली गेली.

सुरुवातीला गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. जून १९५५ मध्ये तिसरा वर्ग आला. १९६६ मध्ये जुने डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे लागले आणि पुढे डब्यांची संख्या बारावर गेली. १९७४ मध्ये तिसऱ्या वर्गाचं नाव दुसरा वर्ग झालं.

ही सालं एकाखाली एक मांडली की एक छान गोष्ट हाती लागते. १९६६ ते १९७४ या आठ वर्षांच्या फटीत डेक्कन क्वीनचा पोलादी आयसीएफ डबा ‘तिसरा वर्ग’ म्हणून धावत होता. आयसीएफ डब्यावर वर्गाचा रोमन तीनचा आकडा बघून नवखा संग्राहक म्हणतो, ‘चूक आहे, इतक्या नव्या डब्यावर थर्ड क्लास कसा?’ पण ते बरोबर आहे आणि दुर्मीळही आहे. असा एक डबा मी एकदा हातचा घालवला, कारण तेव्हा माझ्याकडे ही यादी नव्हती. तुम्हाला दिसला तर सोडू नका.

पुढचं थोडक्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये व्हिस्टाडोम, म्हणजे मोठ्या काचांचा आणि काचेच्या छपराचा डबा जोडला गेला आणि जून २०२२ मध्ये सगळा रेक एलएचबीचा होऊन हिरव्या-लाल रंगात आला. त्यामुळे निळ्या-पांढऱ्या आयसीएफ रेकला व्हिस्टाडोम जोडलेला दिसला तर घाईने चूक म्हणू नका. तसा तो वर्षभराहून कमी काळ धावला. याच गाडीचा हिरवा-लाल डबा २४५ मिलिमीटरचा असेल, तर मात्र पायरी १ वर परत जा.

तुमची आवडती गाडी दुसरी असेल, तरी अशीच यादी करा. संध्याकाळभराचं काम आहे.

४. नंबर वाचा

आयसीएफ डब्यांवर पाच आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे बांधणीचं साल, पुढचे तीन डब्याचा प्रकार. ढोबळ मानाने असं समजा :

- ००१ ते ०२५ : फर्स्ट एसी
- ०५१ ते १०० : टू-टियर एसी
- १०१ ते १५० : थ्री-टियर एसी
- १५१ ते २०० : एसी चेअर कार
- २०१ ते ४०० : स्लीपर
- ४०१ ते ६०० : जनरल
- ६०१ ते ७०० : सेकंड क्लास चेअर कार
- ७०१ ते ८०० : गार्ड आणि सामानाचा डबा, ज्याला सगळे एसएलआर म्हणतात
- ८०१ पासून पुढे : पँट्री, जनरेटर, पार्सल वगैरे

आता माझा ८७६१४ पुन्हा वाचा. १९८७ चा सेकंड क्लास चेअर कार. त्याच्यावर एसीचं युनिट असण्याचं कारण नाही, हे काकांना तीन सेकंदांत कळलं ते असं.

संचातल्या सगळ्या डब्यांचे नंबर वाचा, एकाचाच नको. स्वस्त संचांत चारही डब्यांवर एकच नंबर असतो. खऱ्या रेकमध्ये दोन डब्यांचा नंबर कधीच सारखा नसतो, शिवाय सालंही वेगवेगळी असतात; ९४, ९६, ९९ असे डबे शेजारी शेजारी लागलेले असतात. थ्री-टियर एसी १९९३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ८५१२० असा नंबर दिसला तर भिंग खाली ठेवा आणि विक्रेत्याला विचारा.

नंबराच्या आधीची अक्षरंही सांगतात. डब्ल्यू म्हणजे डब्यातून डब्यात जायची वाट असलेला, जी म्हणजे चाकावरच्या डायनॅमोने स्वतःची वीज बनवणारा, एससीएन म्हणजे थ्री-टियर स्लीपर. एलएचबी असेल तर सुरुवातीला एल लागतो. लाल-राखाडी डब्यावर नुसतं जीएस लिहिलं असेल आणि एल नसेल, तर छापणाऱ्याने जुन्या डब्याची अक्षरं उचलली आहेत.

डब्याच्या टोकाला बारीक अक्षरांत वर्कशॉपचं नाव, मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि परत यायची तारीख असते. चांगले बनवणारे तीही छापतात. त्या दोन तारखांत साधारण दीड वर्षाचं अंतर असतं. ती बघूनच मी ठरवते की बनवणाऱ्याने खरा डबा बघितला आहे की नुसता फोटो.

५. रंग बघा, पण रंगावर भुलू नका

मेल-एक्स्प्रेसचे आयसीएफ डबे अनेक दशकं गडद तांबडे होते. नव्वदच्या दशकात एअर ब्रेकचे डबे आले तसा निळा रंग पसरत गेला, खिडक्यांच्या पट्ट्यात फिकट निळा. २०१८ मध्ये जुन्या डब्यांना बदामी-तपकिरी रंग द्यायचं ठरलं. एलएचबीचा लाल-राखाडी आता सगळीकडे दिसतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. रंग एका रात्रीत बदलत नाही. डबा मोठ्या दुरुस्तीला गेला की रंगून येतो, तोवर जुन्याच अंगाने धावतो. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या गाड्यांत तांबडे आणि निळे डबे मिसळलेले असायचे. तसा मिश्र रेक मांडलात तर कोणी नाक मुरडेल. त्याला फोटो दाखवा. पण आयसीएफ आणि एलएचबी मिसळू नका. दोघांची जोडणी वेगळी असल्याने ते सहसा एकत्र धावत नाहीत.

फोटोवरून रंग ठरवताना सावध. जुन्या रंगीत प्रिंटमध्ये तांबडा उतरून विटकरी होतो. त्याआधीच्या कृष्णधवल फोटोंत तर आणखी घोटाळा, कारण त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे, लाल जवळजवळ काळा उमटे. १९३० च्या चंदेरी डब्यावरची लाल पट्टी अशा फोटोत काळी दिसू शकते आणि त्यावरून कोणी काळ्या पट्टीचं मॉडेल बनवतं. म्हणून दोन फोटो आणि एक कागद, ही अट.

६. छप्पर आणि पोट

विक्रेत्याच्या फोटोत हे दोन भाग सहसा नसतात. त्यांचे फोटो आवर्जून मागा.

छपराला दोन टोकांना एसीचे फुगवटे असतील तर डबा नव्वदच्या दशकातला किंवा नंतरचा. त्याआधीच्या एसी डब्यांची यंत्रं खाली, सांगाड्याला टांगलेल्या मोठ्या पेट्यांत असत. बिनएसी डब्याच्या छपरावर हवेसाठीच्या टोप्यांची ओळ हवी.

पोटाखाली शौचालयाच्या जागी चौकोनी टाकी दिसली तर ती बायो-टॉयलेटची. ती २०११ पासून लागायला लागली. १९९५ चा म्हणून विकलेल्या तांबड्या डब्याखाली मी ती टाकी बघितली आहे.

बोगीवर चाकांच्या दोन आसांतलं अंतर मोजा. आयसीएफचं २,८९६ मिलिमीटर, एचओमध्ये ३३.३. एलएचबीचं २,५६०, म्हणजे २९.४. कॅलिपर इथे कामाला येतो.

शेवटी डब्याचं तोंड. आयसीएफला दोन्ही बाजूंना गोल बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या तबकड्या, आणि मधे डबे जोडणारं स्क्रू कपलिंग. एलएचबीला बाजूचे बफर नसतात, मधे एकच जाड कपलर. काही आयसीएफ डब्यांनाही नंतर मधला कपलर बसवला, त्यामुळे आयसीएफवर तो दिसला तर साल विचारा. एलएचबीवर गोल बफर दिसले तर विचारण्यासारखं काही उरत नाही.

७. पाट्या आणि नावं

मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली. त्याआधीच्या डब्यावर जीआयपीच हवं. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, व्हीटीचं सीएसटी १९९६ मध्ये, सीएसएमटी २०१७ मध्ये. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, म्हणून ‘मुंबई-मडगाव’ पाटी लावलेला १९९० चा डबा घेऊ नका.

पाट्या बदलणं सोपं असतं, पण पाटी चुकीची असेल तर बाकीचंही पुन्हा तपासा. माझा अनुभव असा की पाटी चुकणारा नंबरही चुकतो.

८. ‘१८५३’ लिहिलेला संच

ठाण्यात राहून हा मोह टळत नाही. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आपल्या स्टेशनचं नाव त्या दिवसाशी कायमचं बांधलं गेलं आहे.

या नावाने विकले जाणारे संच बहुतेक शोभेचे असतात. पहिली खूण चाकांची. त्या काळी डबे चार चाकांचे, आखूड असत. लांब डब्याखाली चार-चार चाकांच्या दोन बोगी दिसल्या, तर तो बहुतेक वेळा अमेरिकी डबा असतो, ज्यावर ठाण्याचं नाव चिकटवलं आहे. दुसरी खूण इंजिनांची. तीन हवीत, संचात एकच असतं. तिसरी, डब्यांच्या टोकांना डब्यातून डब्यात जायची वाट. ती तेव्हा नव्हतीच.

‘पहिल्या गाडीचा फोटो’ म्हणून जे चित्र सगळीकडे फिरतं, त्यावर विसंबून डबा बनवला असेल तर तो फोटो नेमका कधीचा आणि कुठला, हे आधी विचारा. ठाण्याच्या खाडीवरच्या पुलाची जुनी चित्रं त्या दिवसाची म्हणून खपवली जातात. माझं मत सांगते : शोभेला ठेवायचा असेल तर जरूर घ्या, पण संग्रहाच्या कपाटात त्याची चिठ्ठी ‘१८५३ च्या स्मरणार्थ’ अशी लिहा.

९. परदेशी डबा घेत असाल तर

पद्धत तीच, कोष्टक वेगळं. युरोपात मॉडेलचा काळ ‘युग’ म्हणून छापतात. चौथं युग म्हणजे साधारण १९७० ते १९९०. भारतातही अशी सोय असती तर माझे साडेअकरा हजार वाचले असते.

तिथला मोठा सापळा आखूड डब्यांचा. पश्चिम जर्मनीचा एक्स्प्रेस डबा २६.४ मीटरचा, एचओमध्ये तो ३०३ मिलिमीटर व्हायला हवा. घरातल्या अरुंद वळणावरून वळावा म्हणून कितीतरी वर्षं तो लांबीला १:१०० ने, म्हणजे २६४ मिलिमीटरचा, नाहीतर १:९३.५ ने, म्हणजे २८२ मिलिमीटरचा बनवला गेला, आणि उंची-रुंदी मात्र १:८७. जुने संग्राह्य डबे बहुतेक असेच आहेत. त्यांचं स्वतःचं मोल आहे, पण लांबी अचूक नाही. ऐतिहासिक अचूकता हवी असेल तर ‘पूर्ण लांबी’ असं लिहून घ्या.

कस्टमचा हिशेब आधी करा. ही मॉडेलं खेळण्यांच्या वर्गात मोडतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर इतर कर. पार्सलवर किंमत कमी लिहायला सांगू नका. माल अडकतो आणि विम्याचे पैसेही बुडतात. पावतीची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र तयार ठेवा.

१०. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला काय मागायचं

छपराचा, पोटाचा आणि दोन्ही टोकांचा फोटो. नंबर वाचता येईल असा जवळचा फोटो. पट्टी शेजारी ठेवून लांबीचा फोटो. रंग कारखान्यातला की नंतर मारलेला, याचं लेखी उत्तर. खोकं मूळ आहे का.

जो हे पाठवायला कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका. ज्याला उत्तरं माहीत नाहीत पण तो फोटो मनापासून पाठवतो, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. अशा माणसांकडे चांगले डबे स्वस्तात मिळतात.

खरा डबा बघायचा असेल तर फलाटावर उभं राहून बघा, रुळावर उतरू नका. मोठा कॅमेरा, तिपाई काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा. नीट विचारलं तर बहुतेक जण आपुलकीने सांगतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना घेऊन जाच, आणि तिथे डब्यांची लांबी आणि वळणांची त्रिज्या यांचा मेळ बघा. त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असली तर वळणावर डबे बरे दिसतात.

११. चुकीचा डबा हाती आलाच तर

जुना, पत्र्याचा, मूळ रंगातला डबा असेल तर त्याला हात लावू नका. चुकीचा असला तरी तो त्याच्या बनवणाऱ्याच्या काळाचा पुरावा आहे. रंगवलात की तेही गेलं आणि किंमतही.

अलीकडचा प्लॅस्टिकचा डबा मात्र सुधारता येतो. नंबर काढायला कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसा, आधी पोटाच्या बाजूला करून बघा. पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं कुठल्याही चांगल्या डिजिटल प्रिंटरवाल्याकडून खास कागदावर छापून मिळतात. छताचे भाग मी वागळे इस्टेटमधल्या एका थ्रीडी प्रिंटवाल्याकडून करून घेते. मोजमापं मिलिमीटरमध्ये लिहून द्यायची, तोंडी सांगायची नाहीत.

आपल्याकडच्या पावसाळ्याची काळजी जूनच्या आधीच घ्या. खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने बदला. डबे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल धरते आणि अक्षरं पिवळी पडतात. बटरपेपर चांगला.

आणि ती वही. प्रत्येक डब्याला एक पान : खोक्यावरचा दावा, मोजलेली लांबी, नंबर, रंग, छप्पर, पोट, पाटी, आणि ‘कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत खरा’. माझ्या पहिल्या पानावर असं आहे :

संच १, डबा २. दावा डेक्कन क्वीन १९६६. लांबी २४५, बरोबर. नंबर ८७६१४ पुसून टाकला. छपराचा फुगवटा काढून टोप्यांची ओळ बसवली, काकांनी तपासली. वर्गाचा रोमन तीनचा आकडा लावला. पाटी ‘बॉम्बे व्हीटी-पूना’. १९६६ ते १९७४ साठी धरता येईल. नवा नंबर : अजून रिकामा, त्या वर्षांतला वाचता येण्यासारखा फोटो मिळेपर्यंत.